डावा दिवा

"माणसं बाजूला करा, गाडी दाखवा," मिस्त्री दारातूनच म्हणायचे. जालन्यात माझं फोटोंचं दुकान आहे. जुने, फाटके फोटो मी कॉम्प्युटरवर नवे करून देतो. त्यात मोटार असली की ती ओळखायला हे मिस्त्री हजर. आयुष्य गॅरेजमध्ये गेलेलं. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. काउंटरवर बोटं वाजव, रस्त्यावर चक्कर मार, पुन्हा आत ये. त्यांना बघूनच मला दम लागायचा.

नजर मात्र पक्की. "दार उलट्या बाजूनं उघडतंय, म्हंजी लढाईच्या आधीची. बिलकुल अमेरिकन." राजूरच्या एका घरातले लोक पणजोबांच्या मोटारीचा फोटो मोठ्या ऐटीत घेऊन आले. मिस्त्रींनी भिंग लावलं. "पणजोबा खरे हायेत. गाडी स्टुडिओच्या पडद्यावर रंगवलेली हाय." तीन पिढ्यांच्या फुशारकीची हवाच गेली. हसू दाबायला मी आतल्या खोलीत पळालो.

ही धडपड कशासाठी, हे तुम्हीही ओळखलं नसतं. मिस्त्री पाळण्यात असतानाच त्यांचे वडील गेले. वाटूरच्या एका मालकाच्या गाडीवर ते ड्रायव्हर होते. त्यांचा एकही फोटो नाही. गाडीचा डावा दिवा फुटल्यावर त्यांनी ट्रकचा मोठा दिवा बसवला होता, एवढंच आई सांगायची. लग्नसराईत ती गाडी गावोगावी जायची. "कुणाच्या तरी फोटोत आमचे बाबा उभे असतीलच की. जन्मभर शोधून राह्यलो. आता जल्दी सापडावेत."

एक दिवस टेंभुर्णीच्या लोकांचा फोटो फ्रेम करून काउंटरवर ठेवला होता. फुलांनी सजवलेली गाडी, आत नवरा-नवरी. मिस्त्रींची बोटं थांबली.

"फोटोवाले, डावा दिवा बघा."

दिवा मोठा होता. मग त्यांनी खाली, जमिनीवर बोट ठेवलं. "माणूस न्हाई, मंग ही सावली कुणाची?"

मूळ फोटोत गाडीला टेकून एक टोपीवाला उभा होता. "ड्रायव्हर काढून टाका, आजी-आजोबाच ठेवा," असं घरच्यांनी सांगितलं होतं. मी काढला. असे कडेचे लोक मी रोजच काढतो. सावली तेवढी राहून गेली होती. मूळ प्रत मी कॉम्प्युटरवर ठेवली नव्हती. टेंभुर्णीला फोन लावला. फाटका फोटो त्यांनी देवांच्या भंगलेल्या तसबिरींबरोबर आदल्या दिवशीच नदीत सोडला होता.

मी माफी मागितली. चेहरा आठवून बघितला, पण टोपीपलीकडे काही आठवेना. तासभर बसून जो चेहरा मी पुसला, तो मी नीट पाहिलाच नव्हता. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

मिस्त्री पहिल्यांदाच खुर्चीत बसले.

"उंच होते का हो?"

"उंच होते," मी म्हणालो.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. ओळखायची गाडी राहिलीच कुठे होती? त्या दिवशी उठताना एवढंच म्हणाले, "आता गाडी बाजूला करा, फोटोवाले. सावली मोठी करून द्या."