चारशे बारा जणांना पत्र

उंदीरबाई हे नाव शेजारच्या रसायनशास्त्र विभागातल्या लोकांनी चिडवायला ठेवलं होतं. पण बाईंना ते इतकं आवडलं, की त्या फोनवरही "उंदीरबाई बोलतेय" म्हणू लागल्या. चिडवणाऱ्यांची हवाच गेली.

बाईंचं काम उंदरांच्या भीतीवर. घंटा वाजवायची, पायाला विजेचा हलका चटका द्यायचा. दोन दिवसांत उंदीर नुसत्या घंटेनंच थिजतो. मधे तीन दिवस विश्रांती दिली तर ही भीती विरते, असा पेपर बाईंनी लिहिला. चारशे बारा जणांनी आपापल्या लेखात त्याचा आधार घेतला, म्हणजे चारशे बारा सायटेशन. बाकीच्या एकवीस पेपरांना मिळून शंभरसुद्धा नाहीत! प्रयोगशाळेच्या दोन्ही खोल्या त्या एका पेपरावर तगून होत्या, आणि त्या ठेवायच्या की काढून घ्यायच्या हे आकडे बघून ठरवायला दोन महिन्यांनी समिती येणार होती.

नेमक्या तेव्हाच पिंजरे सांभाळणाऱ्या मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या. सगळे उंदीर बाई स्वतः हाताळू लागल्या, आणि बघतात तर काय! विश्रांती घेतलेले उंदीरही घंटा वाजताच थिजले. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदाही तेच.

बाई जुन्या वह्या घेऊन बसल्या. विश्रांतीच्या गटाची पाळी नेहमी शुक्रवारी. शुक्रवारी बाईंचा वर्ग असायचा, म्हणून त्या दिवशी उंदीर प्रयोगाच्या पेटीत ठेवायच्या मावशी. दुसरा गट मात्र बाईंच्या हातचा. बाईंनी वही मिटली. त्या तडक मावशींच्या घरी गेल्या.

"मावशी, शुक्रवारी उंदीर पेटीत कसे ठेवायचात?"

"कसे म्हणजे? जरा कुरवाळायचं, 'घाबरू नको रे राजा, मी आहे इथं' म्हणायचं. घंटा होईपर्यंत तिथंच उभी राहायचे." मग मावशींचा चेहरा उतरला. "का हो बाई, माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नाही, ते चुकलं."

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मावशी काठी टेकत प्रयोगशाळेत आल्या आणि विश्रांती न मिळालेल्या उंदरांशी गप्पा मारत उभ्या राहिल्या. घंटा वाजली. उंदीर खुशाल मिशा साफ करत बसले! भीती विरली होती ती विश्रांतीनं नव्हे, मावशींनी.

बाईंनी पेपर मागे घ्यायचं ठरवलं. संचालक खुर्चीतून उठलेच. "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची! समिती येऊन जाऊ दे, मग काय हवं ते करा."

"मूठ माझी आहे, साहेब. मीच उघडणार."

"पायावर धोंडा पाडून घेताय!"

"पायही माझाच."

घरी नवऱ्यानं एवढंच विचारलं, "खोल्या जातील ना?" जातील, म्हणाल्या. "बरं, मग पिंजरे उचलायला कधी येऊ?" त्या दिवशी बाई पहिल्यांदा रडल्या.

खोल्या गेल्याच. बाईंना जिन्यापाशी एक टेबल मिळालं. आणि तिथं बसून पाहतात, तर मागे घेतलेल्या पेपराची सायटेशन चारशे एकोणीस झालेली! मेलेल्या घोड्यावर लोक अजून स्वार होतच होते. बाईंचं डोकं फिरलं. पेपर मागे घेतल्याची सूचना कुणी वाचत नसेल तर मी एकेकाला सांगते, म्हणाल्या, आणि रोज सहा पत्रं लिहायला बसल्या. आधी जुन्या चारशे बारांना, मग नव्या सातांना.

बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. काहींनी आभार मानले. एकानं विचारलं, "म्हणजे आता माझाही आकडा कमी होईल का?" बाईंनी कपाळावर हात मारला आणि पुढचं पत्र घेतलं.

दोनशे साठाव्या पत्राला एका प्राध्यापकाचं उत्तर आलं. "आमच्याकडे तीन वर्षं तुमचा प्रयोग करूनही तुमच्यासारखा निकाल एकदाही आला नाही. तरी लेखात आम्ही आधार तुमचाच घेतला. माझ्या विद्यार्थिनीला मी म्हणत राहिलो, तुझा हातच बसत नाही. शेवटी तिनं हे काम सोडलं."

बाईंनी ते दोनदा वाचलं. बाजूला उरलेल्या नावांची यादी होती, ती त्यांनी दूर सारली. प्राध्यापकांकडून मुलीचा पत्ता मागवला, तो येईपर्यंत दुसऱ्या कुणालाही पत्र लिहिलं नाही. पत्ता आला तशी त्यांनी पहिली ओळ लिहिली:

"मुली, तू मला ओळखत नाहीस. तुझा निकाल बरोबर होता. चुकले होते ती मी."