पांडूच्या आईचा टाक

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगते. अकोल्याच्या एका शाळेत मी मुलींना भूगोल शिकवते. माझे अक्षर फळ्यापलीकडे कधी गेलेले नाही. तेव्हा या धाडसाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. मामीने सांगितले म्हणून लिहिते आहे. संपतमामा गेल्याचा निरोप मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनातल्या हमालाने मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी आणला. "बाई, तुमचा चौकीदार मामा गेला," एवढेच तो म्हणाला. त्याला पाणी विचारायचेही मला सुचले नाही...

मामा महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. पराक्रम विचारला की म्हणत, "खेचरं हाकलत होतो पोरी. खेचर लढलं, मी त्याच्या मागं चाललो." पदकाची फीत मामीने पाळण्याच्या दोरीला बांधली, फौजेचा जाड कोट जिनाच्या राखणीत झिजला. राहिला तो एक टाक. तळहातात मावेल एवढा चांदीचा पत्रा, त्यावर घोड्यावरचा खंडोबा. तो मामांचा नव्हता. तापकऱ्यांच्या तंबूत शेजारच्या खाटेवर दुसऱ्या पलटणीतला एक शिपाई होता, घाटावरचा. सगळे त्याला पांडू म्हणत. जाताना त्याने गळ्यातला हा टाक मामांच्या हातात दिला. "आईला दे. म्हणावं, पोटभर जेवून गेला." त्याच्या पोटात कित्येक दिवस पेजसुद्धा ठरली नव्हती. आडनाव विचारायचे राहून गेले, आणि गावाविषयी मामांना ठाऊक होते ते इतकेच, की ते नदीकाठी आहे आणि देवळासमोर चिंच आहे.

त्यानंतर धम्मदीक्षेचे साल आले. वस्तीतल्या प्रत्येक घराने आपले देव टोपलीत भरले आणि आम्ही सारे नदीवर गेलो. मामीने भिंतीतला कोनाडा रिकामा करताना खुंटीवरच्या टमरेलातला हा टाकही टोपलीत टाकला, हे मामांना कळले तेव्हा टोपली पालथी झाली होती. नव्या पांढऱ्या सदऱ्यानिशी ते कमरेएवढ्या पाण्यात शिरले. गाळ चाचपत राहिले... बाहेर आले तेव्हा मूठ मिटलेली होती. काठावर वस्तीतले वडीलधारे सोमाजीबाप्पा उभे होते. ते सर्वांदेखत म्हणाले, "काहून रे संपत, देवाबिगर करमत नाही काय तुले? आजच दीक्षा घेतली अन् आजच देव उचलला!"

"देव नाही बाप्पा, अमानत हाये. माह्या घरचे सारे बुडवले ना मी? दुसऱ्याच्या मायची वस्तू कशी बुडवू?"

लोक हसले. पुढे मात्र ते हसण्यावर राहिले नाही. वस्तीच्या मिरवणुकीत निशाण धरायला माजी फौजी म्हणून मामांचे नाव निघे आणि कोणीतरी हळूच म्हणे, त्याच्या घरी अजून खंडोबा हाये. सणावारी मामा अंगणात बसून राखेने टाक घाशीत. येणारेजाणारे ती पूजाच समजत. मामांनी कोणाला समजावले नाही. परत द्यायची वस्तू मळकी असू नये, एवढेच मामीला म्हणत. रजा मिळाली की घाटावर जात, चिंचा असलेली देवळे पाहत आणि पायांना सूज घेऊन परत येत. मी शिक्षिका झाल्यावर एकदा त्यांनी मला नकाशा उघडायला लावला. "यात चिंचा नाही दाखवत काय?" मी नाही म्हटले. मग नकाशाची घडी त्यांनीच नीट घातली. "मायपुढं खोटंही बोलीन मी. जेवून गेला म्हणून सांगीन. पण कोन्या मायले सांगू?" अखेरच्या वर्षी त्यांनी जाणे सोडले. थकले होते. टाक घासणे सोडले नाही.

मामा गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी सोमाजीबाप्पा काठी टेकत आले. आता तरी तो टाक नदीत सोडावा, असे ते मामीला म्हणाले. मामीने टमरेल त्यांच्यापुढे ठेवले. बाप्पांनी टाक दारातल्या उजेडात नेला, उलटसुलट केला, घोड्याच्या पायांमधल्या खाचेवरून नख फिरवले. मग म्हणाले, "याले तर कुकूच लागलं नाही कदी..."

मामीने तो परत घेतला. "त्यायनं पाण्यातून काढलं ते. मी कशी टाकू, बाप्पा?" मग माझ्याकडे वळली. "तू शिकलेली हायेस. पेपरात लिहून पाय."

म्हणून हे लिहिले. टाक पुन्हा टमरेलात आहे. यंदा दिवाळीत तो मामीने घासला. त्याचा उजवा कोपरा मोडलेला असून तांब्याचा डाग देऊन जोडलेला आहे. ज्या घरातून तो निघाला तिथे कोणाच्या तरी हे लक्षात असेल. पांडूची आई असलीच, तर आता फार म्हातारी झाली असेल. देवळासमोर चिंच असलेल्या नदीकाठच्या एखाद्या गावात, युद्धावरून न परतलेल्या पांडूची आई आपल्या ओळखीची आहे का?