बादलीतला मासा

ज्या जिवाची रीत आपल्याला ठाऊक नाही, तो आपण विकत का आणतो?

ताईने हौसेने काष्टी गावातल्या आमच्या घरी समुद्री माशांची टाकी मांडली. तिच्यात रुपेरी अंगावर काळे पट्टे असलेल्या कार्डिनल जातीच्या माशांची जोडी होती. आमच्या वडिलांचं, अप्पांचं, आयुष्य जनावरांत गेलेलं, पण संध्याकाळी ते टाकीसमोर बसायचे. एकदा जोडीतल्या एकाने खाणं सोडलं आणि त्याचा जबडा फुगला.

“गळा सुजलाय. म्हशीला घटसर्प झाला की आसंच हुतं. येगळा काढ त्याला.”

“अप्पा, म्हैस हाय का ती?” ताई हसली.

“जीव हाय न्हवं? दुसऱ्याला लागंल.”

आजारी जनावर बाजूला बांधायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. अप्पांनी टाकीतलंच पाणी बादलीत घेतलं आणि मासा हलक्या हाताने त्यात सोडला. बादलीत टाकीसारखा हवेचा पंप नव्हता; सकाळी तो मेलेला होता. तळाशी त्याच्यासारख्याच पट्ट्यांची इवली पिल्लं निपचित पडली होती.

दुकानदार फोनवर म्हणाला, “समुद्रातून पकडून आणलेला नर होता तो. पिल्लं तोंडात सांभाळतो, तोवर खात नाही.”

“मंग इकताना का न्हाई सांगितलं?” अप्पांनी विचारलं. तोवर फोन बंद झाला होता.

अप्पांनी बाप आणि पिल्लं बांधावर एकत्र पुरली. त्यानंतर ते टाकीसमोर बसले नाहीत.

मी त्यांना दोष देत नाही. समुद्रातून जीव ओढून आणून काही न सांगता विकणाऱ्या धंद्याला देते. दुकानात गेलात तर मासा समुद्रातून पकडलाय का, एवढं विचारा. हो म्हणाले किंवा उत्तर टाळलं, तर तो घेऊ नका.