बाहीवरचं लेबल

मागच्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ दत्ता देवगाव रंगारीहून पुंडलिकनगरला आमच्याकडे आला, तो चेहरा पाडूनच. पाणीही न पिता म्हणाला, "ताई, मला कोट घ्यायचाय."

त्याच्या मुलीचं, शीतलचं, लग्न गावाकडे नुकतंच झालं. रविवारी इथे शहरात तिच्या सासरच्यांचं रिसेप्शन होतं. व्याही फोनवर म्हणाले होते, आमच्याकडचे सगळे सुटात असतील बरं का... एवढंच. पण दत्ताची झोप उडाली.

दत्ता शेती करतो. पांढरा शर्ट आणि पायजमा घालतो, आणि त्यात चांगला दिसतो. मी तसं म्हटलंही. तर म्हणाला, "मला हसले तर हसू दे गं. पण पोरीला तिथं नांदायचंय. माझ्यावरून तिला कुणी बोललं तर?"

विषय संपला. मी पर्स उचलली.

आमचे हे वकील आहेत आणि त्यांचे कोट आजवर मीच सांभाळत आले आहे. त्यामुळे कोटातलं मला कळतं. ह्यांना काळ्यापलीकडे रंग माहीत नाही, म्हणून ह्यांना घरीच ठेवलं.

गुलमंडीवरच्या दुकानात आधी एक चमकणारा मरून ब्लेझर पुढे आला... सोनेरी बटणांचा. दत्ताने तो घालून आरशात पाहिलं आणि म्हणाला, "ताई, आता नुसता हातात बाजा दे." काढायला लावला.

कोट घेताना आधी खांदा बघावा. शिवण बरोबर खांद्याच्या टोकाला बसली पाहिजे. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, खांद्याचं काही करता येत नाही. साधा गडद राखाडी कोट त्याला नीट बसला. बटण लावून खुर्चीत बसवलं, हात वर करायला लावले... कुठे ओढत नव्हता. घेतला.

बाहीवर कंपनीचं लेबल होतं. मी पर्समधली छोटी कात्री काढली, तर दुकानदार कळवळला. "बाजी, रहने देव ना, कंपनी का माल है." दत्ताही त्याच्याच बाजूला. "राहू दे की ताई, लोकांना दिसंल तरी."

लेबल दुकानातल्या गिऱ्हाइकासाठी असतं, घालण्याआधी काढायचं. पाठीमागे खाली कट असतो, त्यावर फुलीसारखा पांढरा टाका घातलेला असतो, तोही काढायचा. खिसे शिवून बंद केलेले असतात, ते उसवायचे. मी तिथेच उभं राहून तिन्ही कामं केली. खिशात हात गेल्यावर दत्ताचा चेहरा जरा फुलला. त्याला वाटलं होतं, खिसे खोटेच आहेत.

घरी येऊन बाकीचं सांगितलं. खालचं बटण लावायचं नाही. कोट धुवायचा नाही, ब्रशने साफ करायचा. घातल्यावर वाऱ्याला टांगायचा, रुंद हॅन्गरवर. प्लॅस्टिकमध्ये कोंडायचा नाही.

"एवढी बडदास्त तर आपण जावयाची बी नाय करत," दत्ता म्हणाला.

रविवारी लॉनवर पोचलो. व्याही गेटवरच हात जोडून उभे... नवाकोरा निळा सूट. आणि बाहीवर ठळक लेबल! ते वळले, तर मागे पांढरी फुली तशीच. सगळ्यांना सुटाची सूचना देणारा माणूस हा. त्यांच्याकडची दोन तरुण मुलं मागून बघून खुसखुसत होती.

मला गप्प बसवत नाही, हे माझ्या ओळखीचे सगळे जाणतात. मी पुढे निघालेच होते. तेवढ्यात दत्ता जवळ आला. "ताई, ती कात्री दे."

"कशाला?"

"दे तर."

कात्री खिशात टाकून तो व्याह्यांकडे गेला. "इवाई, जरा जेवणाकडं नजर टाकू, चला," म्हणत त्यांना मांडवामागे घेऊन गेला.

थोड्या वेळाने दोघं परत आले. बाही मोकळी, पाठ मोकळी. व्याह्यांचा एक हात खिशात. दत्ताने कात्री माझ्या हातात दिली. लगेच दोघांना फोटोसाठी स्टेजवर बोलावलं. शीतल मध्ये, दोन्ही बाजूंना दोन कोट...

कोट माझ्याकडेच ठेवून दत्ता गावी गेला. दुसऱ्या दिवशी मी तो ब्रश करायला घेतला. आधी खिसे रिकामे करायचे, हा माझा नियम. उजव्या खिशात व्याह्यांचं लेबल निघालं. पांढऱ्या धाग्याचे तुकडेसुद्धा.

मी फोन लावला. "हे खिशात कशाला ठेवलंस?"

"मग कुठं टाकू? तिथं टाकलं असतं तर कुणाला तरी सापडलं असतं."

"त्यांना म्हणालास तरी काय?"

"म्हणलं, इवाई, माझ्या कोटाला बी असंच होतं. मला कुठं ठावं? आमच्या ताईनं काढलं."

म्हणजे आपलं अज्ञान त्याने आपणहून सांगून टाकलं होतं. तेही ज्यांच्यापासून लपवायला कोट घेतला, त्यांनाच!

"मग? काय म्हणाले ते?"

"हसले. म्हणले, दत्तोबा, माझा बी पहिलाच हाय. लई भ्या वाटत होतं."

लेबल मी केराच्या टोपलीत टाकलं. कोट रुंद हॅन्गरवर टांगला आहे, ह्यांच्या काळ्या कोटांच्या शेजारी. त्याची काळजी मी घेईन... शीतलच्या सासरची मात्र आता मला राहिली नाही.