चौदा की तेरा

सावद्याहून एसटीने मी जळगावला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला यायचे. घरी केळीचा बाग, प्रोग्रॅमिंगचा कुणाला गंध नाही. जे कळलं ते सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या आमच्या मॅडममुळे. त्या मूळच्या पारोळ्याच्या. वर्गात प्रमाण मराठी बोलायच्या, पण रंगात आल्या की अहिराणीवर उतरायच्या.

एकदा इन्क्रिमेंट ऑपरेटर, म्हणजे आकडा एकने वाढवणारं ++ हे चिन्ह, शिकवत होत्या. "i पाच आहे. i++ लिहिलं तर आधी पाच वापरायचं, मग i सहा होणार. ++i लिहिलं तर आधी वाढवायचं, मग वापरायचं." एवढं सगळ्यांच्या डोक्यात शिरलं. मग i पुन्हा पाचच धरून त्यांनी फळ्यावर ++i + ++i लिहिलं आणि उत्तर दिलं, चौदा. i दोनदा वाढून सात झाला, म्हणून सात अधिक सात. लॅबच्या कॉम्प्युटरवरही चौदाच आलं.

प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा सीचा एक कंपायलर माझ्या मोबाईलवर होता; त्यावर मी सहज तेच चालवलं, तर तेरा. सहा अधिक सात. मी उठून मॅडमना दाखवलं. त्यांनी स्वतः पुन्हा टाइप करून पाहिलं.

"आत्ता मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "बघून सांगते."

दुसऱ्या दिवशी हजेरी न घेताच त्यांनी सुरुवात केली. "एकाच बेरजेत एकच व्हेरिएबल, म्हणजे आपला i, असा दोनदा बदलला, तर कुठला बदल कधी धरायचा हे सी सांगतच नाही. कंपायलर वाटेल ते करायला मोकळा. जावा या दुसऱ्या भाषेत डावीकडून उजवीकडे जायचं हे ठरलेलं, तिथे तेराच येणार. पण सीमध्ये याले उत्तरच नही शे."

अहिराणी ऐकून वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. "इतकी वर्षं मी चौदा शिकवलं. ते चूक होतं."

मला वाटलं, विषय संपला. दुपारी लॅबमध्ये मी शेजारीच असताना त्यांनी एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती आता धुळ्यात नोकरीला होती. तिने एकदा पेपरात तेरा लिहिलं होतं आणि मॅडमनी त्यावर फुली मारली होती. मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"मॅडम, मला तर आठवतही नाही," ती म्हणाली.

"मला आठवतं. तुझं तेराही बरोबर नव्हतं. पण माझं चौदा बरोबर धरून तुला चूक म्हणायला नको होतं."

मग ती म्हणाली, "असं सांगायला कुणी फोन करत नाही, मॅडम."

"बरं, जेवलीस का?" मॅडमनी विचारलं आणि दोघी धुळ्याच्या उन्हाबद्दल बोलू लागल्या.

मी समोरच्या स्क्रीनकडे बघत बसले होते. मन मात्र भरून आलं होतं.