डाव्या बाहीतला कापूस

तोरणमाळच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा मी नंदुरबारच्या बाजारातून एक फुगीर जॅकेट आणलं. आईने ते एका बोटावर उचलून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"इतलं हलकं! यामा काय ऊब ऱ्हाई?"

शहाद्याकडच्या आमच्या गावात आईचा जन्म कापसाच्या शेतात गेलेला. ऊब म्हणजे कापूस, आणि कापूस म्हणजे आपला. बाकी सगळी फसवणूक. मी हसून विषय सोडला. तिने सोडला नव्हता.

सोमवारी सकाळी स्कूटीवर निघाले. घाट चढताना धुकं दाटलं आणि अवकाळी भुरभुर सुरू झाली. अर्ध्या घाटात माझा डावा हात जड व्हायला लागला. उजवा हात मस्त उबदार, डावा मात्र गारठलेला, ओझ्यासारखा खाली ओढणारा. डावा हात जड होणं म्हणजे काय, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. वरपर्यंत पोचेतो मी मनातल्या मनात माझे दागिने दोघी बहिणींत वाटूनही टाकले होते. धाकटीला जरा जास्तच.

शाळेत न जाता थेट दवाखाना गाठला. "सिस्टर, माझं हृदय बघा!"

सिस्टरनी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला. सगळं ठीक. मग जॅकेट काढायला मदत म्हणून त्यांनी माझी बाही धरली आणि दाबली. फरशीवर पाण्याची धार लागली.

"मॅडम, हृदय उत्तम आहे," त्या हसू दाबत म्हणाल्या, "बाही पिळून वाळत घाला."

काखेतली शिवण पाहिली. बारीक, सरळ, घट्ट टाके. असे टाके घालणारी एकच बाई मला माहीत होती.

शनिवारी घरी जाऊन विचारलं, तर आई जराही वरमली नाही. मी दुपारी झोपले असताना तिने एक बाही उसवून आतला निसरडा पांढरा पुंजका काढला होता आणि घरचा पिंजलेला कापूस भरला होता.

"एकच बाही का?"

"दोन्ही बदल्यावर फरक कसा समजी मंग?"

मी विज्ञान शिकवते. प्रयोगाच्या या पद्धतीत मला खोट काढता येईना. म्हणून दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत कापूस टाकला, दुसरीत तो पुंजका. कापूस पाणी पिऊन गोळा झाला. पुंजका पिळून झटकला, तर पुन्हा फुलला.

"ऊब आपल्या अंगाची असते, आई. हे धागे त्यांच्यामधे हवा अडकवून ठेवतात, म्हणून ती बाहेर जात नाही. कापूस भिजला की दबतो आणि हवा निघून जाते."

आईने तो पुंजका चिमटीत धरून दोनदा दाबून पाहिला.

"म्हंजे दुकानदारनी तुले हवा इकी?"

"हो."

"अन् तू ती इकत लिधी?"

वडील पेपराआड खोकले. ते हसत होते.

आईने बाही पुन्हा होती तशी भरली, पण जॅकेट काही परत दिलं नाही. "मी खात्री करस," म्हणाली. पुढच्या आठवड्यात घरी गेले, तेव्हा ती भल्या सकाळी दवात कापूस वेचत होती, अंगात माझं जॅकेट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. मला पाहिल्यावर तिने तोंड फिरवलं आणि वेचणीचा वेग वाढवला.

मी नंदुरबारला जाऊन दुसरं जॅकेट घेतलं.