खुर्चीखालचा कारखाना

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांत मिळून असा एकही हॉल, दवाखाना किंवा सलून नसेल, जिथली खुर्ची आमच्या हिच्या मामांनी पालथी केलेली नाही. यात मी तिळभर वाढवून सांगत नाहीये. माणसं कुणाकडे गेली की आधी तब्येत विचारतात, हवापाणी विचारतात. मामा आत शिरले की आधी खुर्ची उचलतात, तिचे चारी पाय आढ्याकडे करतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि तिच्या पोटात डोकं घालतात. मग एक आकडा पुटपुटतात आणि खिशातली वही काढतात. यजमान बिचारे पोह्यांची बशी हातात धरून उभे.

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. मुलगा बघायला म्हणून हिच्या घरची मंडळी आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या घरी आली होती. मी नवा शर्ट घालून, घामाने निथळत, शक्य तितका सभ्य चेहरा करून बसलो होतो. पगार विचारला, शिक्षण विचारलं, आणि मामांची पाळी आल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, जरा उठता का?" मला वाटलं, उंची बघायची असेल. मी उठलो, ताठ उभा राहिलो. मामांनी माझ्याकडे ढुंकूनही न बघता माझ्या बुडाखालची खुर्ची पालथी केली आणि खूश होऊन सगळ्यांना सांगितलं, "सहा नंबर! मुलाचं काय ते तुम्ही बघा, खुर्ची मात्र एक नंबर आहे." लग्न ठरलं. कशाच्या जोरावर ठरलं, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

मामा उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका जुन्या फर्निचर कारखान्यात चेकर होते. चेकर म्हणजे काय, तर तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीवर बसून बघायचं. "उभा जन्म बसून काढला मी," असं ते अभिमानाने सांगतात. फाळणीनंतर निर्वासित म्हणून कॅम्पात आलेल्या एका सिंधी शेठनी बराकीच्या व्हरांड्यात फळांची खोकी ठोकायला सुरुवात केली. खोक्यांचे पाट झाले, पाटांची स्टुलं, स्टुलांच्या खुर्च्या, आणि बघता बघता शाळांची बाकं आणि थिएटरच्या खुर्च्यासुद्धा तिथून जायला लागल्या. त्या कारखान्याची एक पद्धत होती. ज्या सुताराने खुर्ची केली, त्याचा नंबर तापलेल्या ठप्प्याने बैठकीच्या खाली उमटवायचा. कंपनीचं नाव कुठे नसलं तरी चालेल, पण सुताराचा नंबर हवा. थोरले शेठ म्हणायचे म्हणे, "बनाया किसने, ये तो मालूम होना मंगता." एकंदर एक्केचाळीस नंबर झाले. मामांना ते सगळे नावागावानिशी पाठ आहेत. स्वतःच्या तीन मुलींचे वाढदिवस मात्र मामींना विचारावे लागतात.

आता या पालथेपणामागची खरी गोष्ट सांगतो. कारखाना बंद पडला तेव्हा कुणी कोणतं फर्निचर केलं आणि ते कुठे गेलं, याची जाडजूड रजिस्टरं ऑफिसात पडून होती. छप्पर गळत होतं. धाकट्या शेठनी ती मामांच्या हवाली केली, "भाऊ, तू संभाल." मामांनी ती रिक्षात घालून बदलापुरात नदीकाठच्या मांजर्लीतल्या आपल्या तळमजल्यावरच्या घरी आणली आणि नीट प्लास्टिकमध्ये बांधून पलंगाखाली ठेवली. आता मांजर्लीत तळमजल्यावर पलंगाखाली कुणी उशीसुद्धा ठेवत नाही! त्याच वर्षी नदी घरात आली. पाणी उंबऱ्याला लागताच मामा पेटून उठले आणि कारखान्याच्या सहा खुर्च्या एकेक करून जिन्यावरून पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवल्या. वर त्यांचे लाकडी हातसुद्धा पुसून घेतले. मामी खालून ओरडत होत्या, "अहो, कागद! कागद!" पण ज्याने जन्मभर खुर्चीच सांभाळली, त्याला पुरात दुसरं काय दिसणार? पाणी ओसरल्यावर पलंगाखालून राखाडी लगद्याचे गोळे निघाले. मामांनी ते दोन दिवस दोरीवर वाळत घातले होते. हे सगळं मला लग्नानंतर मामींनी सांगितलं.

तेव्हापासून माणूस झपाटला. एक वही आणली, एकेका सुताराला एकेक पान दिलं. प्रत्येक पानावर निदान एक तरी खुर्ची यायला हवी, कुठे आहे, कशी आहे, ते लिहून. "कागद माझ्या हातून गेले, माणसं नाही जाऊ द्यायची," असं एकदाच बोलले, आणि लगेच बँकेत शिरून मॅनेजरला म्हणाले, "साहेब, आपण जरा उठा. माझं काम तुमच्याकडे नाही, खुर्चीकडे आहे." वॉचमनने धरून बाहेर आणलं, तरी जाता जाता पायरीवरून ओरडले, "तेहतीस!" अंबरनाथच्या एका लग्नात तर कहर केला. मंगलाष्टकांना सगळा हॉल उभा राहतो, म्हणजे सगळ्या खुर्च्या एकदम रिकाम्या, हा शोध जगात फक्त मामांना लागला असेल. त्यांनी मागच्या मागे एक रांगच्या रांग ओढून पालथी घातली. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, वऱ्हाडी मागे न बघता बसायला गेले आणि मुलाकडची अख्खी रांग एकमेकांच्या मांडीवर! मांडवात नवरदेवापेक्षा मामांची चर्चा जास्त. एकदा एका घरी आम्ही सांत्वनाला गेलो होतो. मी आधीच बजावलं होतं, इथे काही करायचं नाही. मामा अगदी मान खाली घालून बसले. पण हात गपचूप बैठकीखाली गेला, बोटं चाचपडत फिरली आणि तोंडातून निघालं, "फार वाईट झालं हो... बावीस." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

अशी चाळीस पानं भरली. राहिलं एकच, एकोणीस नंबरचं. हा सुतार वांगणीकडच्या पाड्यावरचा. दोनच वर्षं कामाला होता, पुढे तापाने गेला. मामा म्हणतात, असा हात पुन्हा झाला नाही. त्याचं ते कोरं पान मामांना दाढदुखीसारखं छळायचं.

गेल्या वर्षी कारखान्याची शेड पाडून तिथे टॉवर उभा राहणार असं ठरलं आणि धाकट्या शेठचा फोन आला. जुन्या कामगारांना शेवटचं जेवण द्यायचं आहे, रजिस्टरं घेऊन ये. मामांची झोप उडाली. पुराची गोष्ट त्यांनी शेठपासून लपवली होती! जाताना रिक्षात ते देवाधर्माचं पुटपुटत होते आणि मी चुकूनही हसत नव्हतो. शेडमध्ये सतरंज्यांवर सगळी म्हातारी मंडळी जमली होती. मामांनी शेठसमोर वही धरली आणि एका दमात सगळं कबूल केलं. शेठ आता पंच्याहत्तरीचे. शांतपणे म्हणाले, "साईं, तेरी घरवालीने उसी हफ्ते फोन करके बताया था. इतने साल मी वाट बघतोय, तू कधी बोलतोस." आमच्याबरोबर आलेल्या मामी साडीच्या निऱ्या मोजत दुसरीकडे बघत बसल्या.

मग वहीभोवती झुंबड उडाली. "बारा नंबरच्या किती सापडल्या?" "माझी शाळेतली आहे का अजून?" मामा पान उलटून सांगत होते आणि सत्तरीचे सुतार निकाल लागलेल्या पोरांसारखे हसत होते. सगळ्यात शेवटी पन्नाशीची एक बाई पुढे आली. म्हणाली, "माझ्या बापाचा एकोणीस नंबर. मी लय लहान व्हते, तोंडबी आठवत नाय. फोटू नाय त्याचा. त्याची हाय का एखांदी?" मी मागून मामांना चिमटा काढला, सांगा हो, दोन आहेत म्हणून सांगा. मामांनी वही तिच्याकडे वळवून कोरं पान दाखवलं आणि म्हणाले, "अजून नाही सापडली, बाई. पण तुमच्या गावचा पत्ता इथे लिहून ठेवा." तिने आपल्या भाचीकडून तो लिहून घेतला, फोन नंबरसकट.

त्यानंतर मामांचे गुडघे पार गेले. आता ते बरोबर येतात आणि कुठेतरी टेकतात. खुर्च्या मी पालथ्या करतो. होय, मी! चारचौघांत लाज वाटायची, आता वाटत नाही. बदलापूर पूर्वेला एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथे कोपऱ्यात औषधांच्या खोक्यांखाली एक खुर्ची दबलेली होती. खोकी काढली, खुर्ची फिरवली, तर एकोणीस! तशीच उचलून मामांपुढे धरली. मामांनी बोटाने तो आकडा दोनदा गिरवला आणि म्हणाले, "तिला बोलाव. पान नंतर भरू."

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आली. डॉक्टर म्हणत होते, घेऊन जा, तर म्हणाली, नको, इथं माणसं बसतात, बरं हाय. आधी खाली वाकून तो नंबर बघितला, हात पुसून खुर्चीच्या हातांवर ठेवले, मग अलगद बसली, डोळे मिटून, पाठ टेकून. पेशंट येत होते, जात होते. तासाभराने कंपाउंडरने विचारलं, "मावशी, तुमचा नंबर कितवा? आजारी कोण आहे?"

"कोन नाय," ती डोळे न उघडता म्हणाली. "बापाकडं आले मी."

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. मी उगाचच बाहेर जाऊन चपला शोधायला लागलो. त्या समोरच होत्या, पण मला कितीतरी वेळ दिसेनात.